एफ-निर्समध्ये केसांखालचे चॅनल वारंवार खराब येतात: कारण शोधायचे कसे

एफ-निर्स म्हणजे डोक्यावरून जवळचा अवरक्त प्रकाश आत सोडून मेंदूतल्या रक्तातला बदल मोजायची पद्धत. प्रकाश सोडणारे टोक म्हणजे सोर्स, तो टिपणारे टोक म्हणजे डिटेक्टर. दोन्हींना ऑप्टोड म्हणतात आणि सोर्स-डिटेक्टरची एक जोडी म्हणजे एक चॅनल. त्याबद्दलची तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. कपाळावरचे चॅनल पहिल्या मिनिटापासून स्वच्छ येतात. टाळूच्या दोन्ही बाजूंना, सी३ आणि सी४ (डोक्यावरच्या ठरलेल्या खुणांपैकी डावी आणि उजवी) यांच्या आसपास ऑप्टोड लावले की पडद्यावर निम्मे चॅनल लाल, म्हणजे खराब. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचे प्रमाण, वाढवला की काही हिरवे होतात, पण आलेख नुसता खरखरतो. पुढच्या व्यक्तीवर वेगळेच चॅनल जातात. मग संशय यंत्रावर येतो, केबल बदलून पाहिल्या जातात आणि शेवटी कुणीतरी सॉफ्टवेअरमधला फिल्टर घट्ट करून आलेख गुळगुळीत करतो. यातला हा शेवटचा उपाय सर्वांत घातक. चित्र सुधारते, पण त्यात मेंदूची माहिती आहे की नाही हे कळायचा मार्गच बंद होतो.

असा दोष दर आठवड्याला नव्याने उगवत असेल तर तो बहुतेक वेळा यंत्रात नसतो. तो ऑप्टोडचे टोक आणि डोक्याची कातडी यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये असतो, नाहीतर खोलीतल्या प्रकाशात. खालचा क्रम नाशिकमधल्या खोल्या, इथली हवा आणि इथे चाचणीला येणारी माणसे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पहिला प्रश्न: ठोका दिसतो का?

बहुतेक यंत्रे ७६० आणि ८५० नॅनोमीटरच्या जवळपासच्या दोन तरंगलांबी वापरतात. ७६० ला ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन जास्त प्रकाश शोषते, ८५० ला ऑक्सिजनयुक्त. साधारण ८०० च्या आसपास दोघांचे शोषण सारखे होते. प्रौढ माणसासाठी सोर्स आणि डिटेक्टर ३० मिलिमीटरवर ठेवतात. प्रकाश कवटीतून आत जाऊन केळ्याच्या आकाराच्या वाटेने वर येतो आणि त्याची पोच साधारण अंतराच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटर असते. मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचायला ती कशीबशी पुरते.

या वाटेवर प्रत्येक ठोक्याला रक्त किंचित वाढते, म्हणून डिटेक्टरवरचा प्रकाश किंचित घटतो. हा बदल मूळ पातळीच्या एखाद्या टक्क्याच्या आगेमागे असतो, पण तो दिसलाच पाहिजे. माणसाला ३० सेकंद शांत बसवा, कच्चा तीव्रतेचा आलेख उघडा आणि ८५० ची रेघ मोठी करून पाहा. मिनिटाला ६० ते ८० ठोके म्हणजे १ ते १.३ हर्ट्‌झची बारीक लाट. ती दिसली तर प्रकाश जिवंत ऊतीतून जाऊन परत येतो आहे. ती नसेल तर पुढे कितीही गणित केले तरी त्या चॅनलमधून मेंदूचे काही निघणार नाही.

हेच आकड्यात हवे असेल तर दोन्ही तरंगलांबींचे सिग्नल ०.५ ते २.५ हर्ट्‌झमध्ये गाळून त्यांचा सहसंबंध काढतात. त्याला स्काल्प कपलिंग इंडेक्स, म्हणजे टोक टाळूला किती नीट टेकले आहे याचा निर्देशांक, म्हणतात. ०.७५ किंवा ०.८ च्या खालचा चॅनल संशयित मानायचा. इथे दोन खड्डे आहेत. डोके हलले तर दोन्ही तरंगलांबी एकदमच हलतात आणि निर्देशांक खोटाच चांगला येतो. म्हणून तो सलग संपूर्ण नोंदीवर न काढता १० सेकंदांच्या तुकड्यांवर काढा आणि सोबत आलेख डोळ्यांनी पाहा. दुसरा खड्डा नमुना घेण्याच्या वेगाचा. सोर्सची संख्या वाढवली की अनेक यंत्रांचा वेग सेकंदाला चारपेक्षाही कमी नमुन्यांवर येतो. नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून वरची वारंवारिता नोंदवता येत नाही, त्यामुळे मग २.५ हर्ट्‌झची वरची मर्यादा शक्यच नसते आणि सॉफ्टवेअर त्रुटी दाखवते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लहान मुलाचा ठोका २ हर्ट्‌झचा असतो. सेकंदाला ३.९ नमुने घेतले तर तो जागच्या जागी दिसणारच नाही, दुमडून खाली १.९ हर्ट्‌झवर दिसेल. ठोका दिसत नाही म्हणून केसांशी झगडण्याआधी हा वेग तपासा.

खराबीचा नकाशा काढा

एका कागदावर सोर्स उभे आणि डिटेक्टर आडवे लिहून तक्ता करा आणि खराब चॅनलवर खूण करा. एकाच डिटेक्टरचे सगळे चॅनल गेले असतील तर दोष त्या डिटेक्टरच्या टोकाशी किंवा केबलमध्ये. एका सोर्सचे सगळे गेले असतील तर तो सोर्स. दोन्ही टोके बाकीच्या जोड्यांत नीट चालतात आणि एकच जोडी खराब आहे, असे असेल तर त्या दोघांमधले अंतर वाढले आहे का ते पाहा.

मग अदलाबदल करा. खराब टोक शेजारच्या चांगल्या टोकाच्या जागी लावा. दोष टोकाबरोबर सरकला तर यंत्र, जागेवरच राहिला तर केस किंवा टोपी. या चाचणीला पाच मिनिटे लागतात आणि ती न करता केबल मागवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

यंत्राची शंका पुरती फेडायची असेल तर दोन वाचने घ्या. पहिले अंधाराचे: सगळे सोर्स बंद, डिटेक्टर काळ्या डब्यात. ही पातळी दर महिन्याला नोंदवून ठेवा. दुसरे स्थिर ठोकळ्यावरचे. बाजारातला फँटम, म्हणजे डोक्याच्या ऊतीऐवजी वापरायचा तयार ठोकळा, महाग पडतो. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधून पांढऱ्या डेलरिनचा (एक टणक प्लॅस्टिक) १० बाय १० सेंटिमीटरचा, किमान ६ सेंटिमीटर जाडीचा ठोकळा कापून घेतला तरी यासाठी पुरतो. डेलरिन प्रकाश भरपूर विखुरतो पण फारच थोडा शोषतो, म्हणून गेन खाली आणावा लागेल, नाहीतर डिटेक्टर संपृक्त होतील, म्हणजे त्यांचे वाचन कमाल आकड्यावरच अडकेल. कडा काळ्या रंगवा. यंत्र २० मिनिटे तापू द्या, मग पाच मिनिटे नोंद घ्या. ठोकळ्याला नाडी नसते, त्यामुळे रेघ सपाट हवी. प्रमाण विचलनाला सरासरीने भागून शंभराने गुणा. डोक्यावर अनेकजण यासाठी ७.५ टक्क्यांची मर्यादा धरतात, ठोकळ्यावर आकडा त्याहून कितीतरी लहान यायला हवा. ठोकळ्यावर रेघ सपाट आणि डोक्यावर खरखरीत, असे असेल तर यंत्राला दोष देणे थांबवा.

खोलीतला प्रकाश

उन्हात जवळचे अवरक्त किरण मुबलक असतात. पश्चिमेला खिडकी असलेल्या खोलीत एप्रिल-मेच्या दुपारी साधा पडदा ओढून काहीच होत नाही. जुने तारेचे पिवळे बल्ब आणि हॅलोजन दिवेही त्याच पट्ट्यात जोरात असतात. पांढऱ्या एलईडीत हा भाग फार कमी असतो, म्हणून खोलीत तेच ठेवा.

डोळ्याला न दिसणारा त्रास सीसीटीव्हीचा. खोली अंधारी केली की कॅमेरा रात्रीच्या पद्धतीवर जातो आणि स्वतःचे अवरक्त दिवे लावतो. त्यातले बरेच नेमके ८५० नॅनोमीटरचे असतात. म्हणजे काळजी घेऊन अंधार केला म्हणूनच ८५० ची पातळी चढते. एकाच तरंगलांबीचा मूळ स्तर वर गेलेला दिसला की आधी छताच्या कोपऱ्यात पाहा. कॅमेरा बंद करण्याची परवानगी मिळत नसेल तर निदान त्याचे अवरक्त दिवे सेटिंगमधून बंद करता येतात का ते विचारा.

आणखी एक चोरटा प्रकार. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे चोकवर चालणाऱ्या जुन्या ट्यूब १०० हर्ट्‌झने लुकलुकतात. वीजजाळ्याची वारंवारिता मात्र काटेकोर ५० नसते, ती साधारण ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात हलती असते. समजा ती ४९.९ आहे, तर लुकलुक ९९.८ हर्ट्‌झ. यंत्र सेकंदाला १० नमुने घेत असेल आणि त्याला खोलीचा प्रकाश नीट वजा करता येत नसेल, तर ही लुकलुक दुमडून ०.२ हर्ट्‌झवर येते. तिथे ती श्वासासारखी दिसते. जाळ्याची वारंवारिता बदलली की ही लाटही सरकते आणि कधी थेट तुमच्या कामाच्या पट्ट्यात, ०.०५ किंवा ०.१ हर्ट्‌झवर बसते. दिवे बंद केल्यावर लाट नाहीशी झाली तर उत्तर मिळाले.

टोपीवर काळे कापड घालायचे तर ते आधी तपासा. डोळ्याला काळेभोर दिसणारे पुष्कळ रंगीत सुती कापड अवरक्त प्रकाश आरपार सोडते. सोर्स बंद ठेवून डिटेक्टरवर कापड टाका, दिवा जवळ आणा आणि अंधाराच्या वाचनाशी तुलना करा. एका थराने भागत नसेल तर दोन थर.

केस: खरे काम इथेच आहे

काळ्या केसातले मेलॅनिन प्रकाश गिळते. टोकाखाली चार-सहा केस आडवे अडकले तरी चॅनल जातो आणि कपाळ स्वच्छ येण्याचे कारणही हेच. तेल स्वतः फारसे शोषत नाही, पण तेलकट केस चिकटून त्यांचा थर होतो, तो बाजूला होत नाही आणि टोकावर धुळीसकट लेप बसतो.

म्हणून तयारी आदल्या दिवशी फोनवरच सुरू होते: "मावशी, आज रात्री केस धुवा, उद्या तेल लावू नका. अंबाडा नको, सैल वेणी घालून या. गाडीवर येणार असाल तर पंधरा मिनिटे आधी पोचा." केस पुरते वाळलेले हवेत. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडून येणाऱ्यांसाठी टॉवेल आणि ड्रायर खोलीत ठेवा, पण ड्रायरनंतर टाळू थंड व्हायला दहा मिनिटे द्या. हेल्मेट काढल्यावर कपाळावर घाम आणि वळ असतात, तेही ओसरू द्यावेत.

कपाळावरचे गंध, अष्टगंध, भस्म आणि टिकली हा वेगळा विषय आहे. टिकलीतून प्रकाश जात नाही, भस्माचा थर तो विखुरतो. कपाळाच्या बरोबर मधोमध ऑप्टोड येत असेल तर ते पुसावे लागते. पण कुंकू पुसायला सांगणे ही बाईसाठी साधी गोष्ट नसते. आधी फोनवर विचारा, कारण सांगा, खोलीत आरसा आणि टिकल्यांचे पाकीट ठेवा. नको म्हणाल्या तर मधला चॅनल सोडा, माणूस सोडू नका.

डोक्यावरचा क्रम असा:

१. शिंप्याच्या टेपने डोक्याचा घेर मोजा आणि त्याच मापाची टोपी घ्या. मधले माप आले तर लहान टोपी.

२. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजून मध्य काढा, दोन्ही कानांपुढच्या खाचांमधूनही मध्य काढा. दोन्ही रेघा मिळतात तिथे सीझेड. कानापासून कानापर्यंत ३६ सेंटिमीटर आले तर सी३ आणि सी४ सीझेडपासून त्याच्या २० टक्क्यांवर, म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर.

३. टोपी घालण्याआधी शेपटीच्या कंगव्याने ऑप्टोडच्या रांगांवर भांग पाडा आणि उरलेल्या केसांच्या दोन-तीन सैल वेण्या रांगांमधून खाली सोडा. दाट, लांब केसांसाठी याहून उपयोगी युक्ती नाही. टोपी घातल्यावर एकेका छिद्रातून केस बाजूला करायला जो वेळ जातो, तो यात निम्म्यावर येतो.

४. टोपी घाला, सीझेड पुन्हा मोजा, मग हनुवटीचा पट्टा बांधा.

५. सगळी टोके एकदम लावू नका. कपाळावर बांधायचा टॉर्च लावून एका छिद्रात पाहा, बोथट प्लॅस्टिकच्या काडीने केस गोल फिरवत कडेला न्या, अल्ट्रासाउंडच्या पारदर्शक जेलचे दोन थेंब केसांवर लावून ते तिथेच चिकटवा. पांढरी कातडी दिसली की टोक बसवा आणि लगेच पडद्यावर ठोका पाहा. मगच पुढचे छिद्र.

जेल सोर्सपासून डिटेक्टरपर्यंत सलग पसरू देऊ नका, नाहीतर प्रकाश डोक्यात न शिरता वरच्या वरच पोचतो. तीव्रता भरपूर आणि ठोका नाही, अशी जोडी दिसली तर हेच झाले आहे.

स्प्रिंगचा दाब वाढवून केसांवर मात करता येत नाही. टोक जास्त रुतले की कातडीतले रक्त दाबले जाते, ठोका बारीक होतो आणि वीस मिनिटांत डोके दुखू लागते. दुखले की माणूस कपाळ आकसतो, मान हलवतो आणि नोंद गेली. दर दहा मिनिटांनी विचारा. लोक संकोचाने सांगत नाहीत.

दोन्ही बाजूंच्या १६ चॅनलना दाट केसांवर पाऊण तास सहज लागतो. वेळापत्रकात तो धरायलाच हवा. पंधरा मिनिटांत टोपी बसवायची सक्ती असेल तर दाट केसांची माणसे, म्हणजे बहुतेक बायका, हळूहळू अभ्यासातून गळतात आणि उरतात आखूड केसांचे पुरुष. त्या निष्कर्षांना मग नाशिक जिल्ह्यातल्या माणसांचे निष्कर्ष म्हणता येत नाही. आमच्या मते खराब चॅनलच्या प्रश्नात हीच बाब सर्वांत गंभीर आहे.

अंतर आणि थंडी

अंतर एक सेंटिमीटरने वाढले की डिटेक्टरवर पोचणारा प्रकाश ढोबळमानाने दहापट घटतो. टोपी ताणली जाऊन ३० चे ३५ मिलिमीटर झाले तर प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर येतो. टोपीच्या आतल्या अंतर राखणाऱ्या पट्ट्या काढून टाकू नका आणि टोपी घातल्यावर दोन-तीन जोड्या पट्टीने मोजा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठची वेळ दिली की ठोका सगळीकडेच बारीक येतो. निफाड-दिंडोरीहून गाडीवर आलेल्या माणसाची टाळू गार असते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. वीस मिनिटे आत बसवा. चहा मात्र नंतर द्या, कारण कॅफिनने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. आल्या आल्या चहा न विचारणे आपल्याकडे बरे दिसत नाही, म्हणून कारण आधीच सांगून ठेवावे.

सिग्नल स्वच्छ, पण सगळीकडे एकदम "सक्रियता"

केसांचा प्रश्न सुटला की हा पुढचा प्रश्न येतो. खऱ्या प्रतिसादात ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन वाढते आणि ऑक्सिजन सोडलेले थोडे घटते. शिखर यायला पाच-सहा सेकंद लागतात. दोन्ही एकत्र वाढत असतील, किंवा उजव्या हाताची बोटे हलवताना सी३ इतकेच सी४ आणि कपाळही चढत असेल, तर तो बहुधा टाळूतल्या रक्ताचा किंवा रक्तदाबाचा परिणाम. रक्तदाबाच्या ०.१ हर्ट्‌झच्या लाटा, श्वासाच्या ०.२ ते ०.३ च्या लाटा आणि काम सुरू होताच वाढणारी नाडी हे सगळे याच सिग्नलमध्ये मिसळलेले असते.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय ८ मिलिमीटरचे छोटे चॅनल. ते फक्त कातडी आणि कवटी पाहतात आणि त्यांचा सिग्नल लांब चॅनलमधून प्रतिगमनाने (रिग्रेशनने) वजा करता येतो. यंत्र घेतानाच ते मागा.

चाचणीत माणसाला द्यायच्या कामाची रचना तपासा. ५ सेकंद काम आणि ५ सेकंद विश्रांती म्हणजे बरोबर ०.१ हर्ट्‌झ, रक्तदाबाच्या लाटेवर नेमके बसलेले. १० सेकंद काम आणि १५ ते २५ सेकंदांच्या मध्ये बदलती विश्रांती ठेवा. उलट चूकही होते: ३० सेकंद काम, ३० विश्रांती म्हणजे ०.०१७ हर्ट्‌झ. फिल्टरची खालची मर्यादा ०.०२ ठेवली तर मूळ प्रतिसादच गाळला जातो. ०.०१ ठेवा.

बोलून उत्तर द्यायची कामे टाळा. जबड्याचा स्नायू कानशिलावरचे चॅनल हलवतो आणि बोलताना श्वास बदलून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याने मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो. शंभरातून सात-सात वजा करायला सांगायचे तर मनातल्या मनात करू द्या, शेवटी एकच आकडा विचारा.

सॉफ्टवेअर कुठे मदत करते

क्रम असा ठेवा: कच्ची तीव्रता, ठोक्यावरून चॅनल निवड, ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश किती घटला याचे लॉगमधले माप), हालचालीची दुरुस्ती, मग सुधारित बीअर-लॅम्बर्ट नियमाने (प्रकाशाच्या घटीवरून हिमोग्लोबिनचा बदल काढायचे सूत्र) हिमोग्लोबिन, मग फिल्टर. होमर३ आणि एमएनई-निर्स या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे करता येते. हालचालीसाठी टीडीडीआर ही आपोआप दुरुस्ती करणारी पद्धत सोयीची, तिला हाताने आकडे भरावे लागत नाहीत. उंच टोकदार उसळी म्हणजे झटका, पायरीसारखी उडी म्हणजे टोक सरकले. झटका दुरुस्त होतो. सरकलेले टोक दुरुस्त होत नाही, तिथे केस पुन्हा आत आले असण्याचा संभव मोठा, म्हणून त्यानंतरचा ठोका परत तपासा. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रकाशाची खरी वाट सोर्स-डिटेक्टर अंतराच्या किती पट लांब हे सांगणारा डीपीएफ प्रौढांसाठी ६ च्या जवळपास धरतात. तो वयानुसार आणि तरंगलांबीनुसार बदलतो, म्हणून आजोबा आणि नातू यांची तुलना करताना एकच आकडा वापरू नका. खराब चॅनलशी याचा संबंध नाही, तरी तो दोष पुष्कळदा इथेच शोधला जातो.

इतके करूनही एखादा डिटेक्टर ठोकळ्यावरच खरखरत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. खरखर थांबली तर अर्थिंग तपासून घ्या, औद्योगिक वसाहतीजवळच्या इमारतींत हे हमखास करावे. थांबली नाही तर टोक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मऊ कापडाने पुसा, वाळू द्या आणि ठोकळ्यावर परत नोंद घ्या. तरीही तसेच राहिले तर मात्र ते दुरुस्तीला पाठवायचे. सोबत अंधाराचे वाचन, ठोकळ्यावरची पाच मिनिटांची एसएनआयआरएफ (एफ-निर्स नोंदींचा सामायिक नमुना) फाइल आणि अदलाबदलीआधीचा व नंतरचा तक्ता द्या. एवढे दिले की समोरचा "केस नीट बाजूला करा" असे सांगून परत पाठवू शकत नाही.